आवाजावरील संस्कार

‘संस्कार’ हा शब्द आमच्या घरांत इतका रुळलेला आहे कीं, त्याचा मूळ अर्थ सहसा कोणी विचारीत नाहीं. मुंज व विवाह हे संस्कार. मुलास वळण लावणें हाही संस्कार. आणि कढींस फोडणी देणें हाही एका परीनें संस्कारच. आद्य शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत या शब्दाची फोड मोठ्या नेमकेपणानें केली आहे. वस्तूवर संस्कार होतो तो दोनच प्रकारांनीं: तिच्या ठिकाणीं नसलेला गुण आणून, अथवा तिच्या ठिकाणीं असलेला दोष काढून. पहिल्यास गुणाधान म्हणावें, दुसऱ्यास दोषापनयन. ब्रह्मावर असा कोणताच संस्कार संभवत नाहीं, हें दाखविण्यासाठीं आचार्यांनीं हा विचार मांडला. आम्ही मात्र आज त्याचा उपयोग एका अगदीं लौकिक कामाकडे करणार आहों.

तें काम म्हणजे संगणकावर मुद्रित केलेल्या आवाजास ‘इफेक्ट’ देण्याचें. हा विषय स्टुडिओंतील तंत्रज्ञांचा, गृहस्थाश्रमी माणसांस त्याचें काय प्रयोजन, असें कोणी म्हणेल. प्रयोजन आहे, आणि तें जिव्हाळ्याचें आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत मध्यम स्थितींतील घरांत टेपरेकॉर्डर आला, आणि आजीच्या ओव्या, आजोबांचें पुराण, आत्याबाईंचीं मंगळागौरीचीं गाणीं, मुंजींतील मंगलाष्टकें हीं सर्व कॅसेटींवर उतरलीं. तीं म्हणणारीं माणसें आतां बहुतेक घरांतून गेलीं. कॅसेटी कपाटांत राहिल्या. फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर बसविलेला चुंबकीय कणांचा थर. कोंकणच्या दमट हवेंत तिला बुरशी धरते, देशावरच्या उन्हाळ्यांत ती वांकडी होते. म्हणून घरोघर नातवंडें त्या फिती संगणकावर उतरवूं लागलीं आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु उतरवून झाल्याबरोबर त्यांचा हात इफेक्टच्या यादीकडे जातो. आणि गेलेल्या माणसाच्या आवाजावर किती संस्कार करावा व कोठें थांबावें, हा प्रश्न तेथेंच उभा राहतो.

या कामासाठीं संगणकाच्या अनेक प्रणाल्या आहेत. त्यांपैकीं ‘ऑडॅसिटी’ ही आम्ही उदाहरणादाखल घेतों. कारण ती विनामूल्य मिळते व साध्या संगणकावर चालते. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग या दोघांनीं १९९९ सालीं तिची उभारणी आरंभिली, आणि २००० सालीं ती सर्वांस खुली झाली. २०२१ पासून तिचा कारभार ‘म्यूज ग्रुप’ या कंपनीकडे आहे. तिच्यांत आवाज लाटांच्या रूपानें पडद्यावर आडवा पसरलेला दिसतो. अशा एका पट्टीस ‘ट्रॅक’ म्हणतात. गायकाचा एक, पेटीचा दुसरा, तबल्याचा तिसरा, असे अनेक ट्रॅक एकाखालीं एक मांडतां येतात. ट्रॅकचा हवा तेवढा भाग माउसनें निवडावा, वरच्या यादींतून ‘इफेक्ट’ उघडून हवा तो संस्कार घ्यावा, ‘प्रिव्ह्यू’ दाबून थोडेंसें ऐकून पाहावें, आणि पसंत पडल्यास ‘अप्लाय’ करावें. पसंत न पडल्यास ‘अन्डू’नें माघार घ्यावी.

हा संस्कार करण्याच्या दोन रीति आहेत, व त्यांतील भेद प्रथमच ध्यानांत घ्यावा. जुन्या रीतींत ‘अप्लाय’ केल्याबरोबर इफेक्ट लाटेंतच मुरतो. २०२२ सालच्या ३.२ या आवृत्तींत दुसरी रीति आली: इफेक्ट ट्रॅकला नुसता जोडून ठेवावयाचा. ऐकतांना तो लागू होतो, परंतु मूळ लाट जशीच्या तशी राहते, आणि इच्छेस येईल तेव्हां तो बंद करतां येतो. पहिली रीति भाजींत शिजवून टाकलेल्या मिठासारखी आहे. दुसरी पानांत वेगळ्या वाढलेल्या मिठासारखी. जेथें दुसरी शक्य असेल तेथें तीच स्वीकारावी. मात्र सर्वच इफेक्ट असे जोडतां येत नाहींत. ज्याचा विचार पुढें येणार आहे तो गोंगाट कमी करणारा इफेक्ट लाटेंत मुरणाराच आहे. ‘अन्डू’वरही फार विसंबूं नये, कारण काम आटोपून ती फाइल बंद केली कीं माघारीची वाट बंद होते.

पूर्वीं ही सोय कोणास नव्हती. १९०२ सालीं फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्यापाशीं तोंड नेऊन खड्या आवाजांत गावें, आणि हवेच्या त्या धक्क्यानें सुईनें मेणाच्या तबकडीवर रेषा कोरावी, इतकाच सारा खटाटोप. गाणें तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावें लागे. गायकानें कर्ण्याजवळ यावें किंवा मागें सरावें, एवढाच काय तो इफेक्ट! १९२५ पासून विजेच्या साहाय्यानें मुद्रण होऊं लागलें, आणि आवाज तारेंतून वाहूं लागला. जें तारेंतून वाहतें त्यास वाटेंत अडवून त्याचें कमीजास्त करतां येतें. पुढील सर्व इफेक्टांचें मूळ या एका गोष्टींत आहे.

आतां दोषापनयन घेऊं. जुन्या फितींत मुख्यत्वें तीन दोष आढळतात: विजेची गुणगुण, फितीची अखंड ‘सूं सूं’, आणि मधूनमधून उडणारे खटके. आपल्या देशांतील वीज सेकंदास ५० आवर्तनांची. म्हणून तिची गुणगुण ५० हर्ट्झवर आणि पुढें १००, १५० अशा पटींत बसलेली असते. ‘नॉच फिल्टर’ तेवढी अरुंद फट पाडून ती काढून टाकतो. टेबलाचे धक्के व वाऱ्याचा घरघराट यांसाठीं ‘हाय-पास फिल्टर’ आहे. तो ८० हर्ट्झवर लावला तर त्याखालचा आवाज गाळला जातो. बोलणाऱ्या पुरुषाचा मूळ स्वर साधारणपणें ८५ हर्ट्झच्या वर व स्त्रियांचा १६५ च्या वर असल्यामुळें प्रवचनास किंवा ओवीस त्यानें बाध येत नाहीं. तोच फिल्टर गाण्याच्या मैफलीस लावल्यास मात्र अनर्थ होतो. काळी एकमध्यें लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या सुमारास असतो, आणि डग्ग्याचा घुमाराही त्याच तळाकडे असतो. एकास जें औषध तें दुसऱ्यास विष, असा हा प्रकार आहे.

फितीच्या ‘सूं सूं’वर पहिला मोठा इलाज रे डॉल्बी यांनीं काढला. हे गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळांत संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें भारतांत सल्लागार होते, व १९६५ सालीं लंडन येथें त्यांनीं आपली प्रयोगशाळा उघडली. त्यांची युक्ति अशी कीं, मुद्रण करतांना हलके व तीव्र ध्वनि मुद्दाम वाढवून ठेवावयाचे, आणि ऐकवितांना तितकेच उतरवावयाचे; उतरवितांना त्यांच्याबरोबर फितीची कुरकुरही उतरते. परंतु ही तजवीज मुद्रणाच्या वेळींच करावी लागे. आमच्या घरच्या साध्या यंत्रांवर उतरलेल्या बहुतेक फितींस तिचा लाभ मिळालेला नाहीं.

अशा फितींसाठीं ऑडॅसिटींत ‘नॉइज रिडक्शन’ हा इफेक्ट आहे. तो दोन पायऱ्यांनीं चालतो. प्रथम जेथें कोणी बोलत नाहीं, नुसती कुरकुरच आहे, असा कांहीं सेकंदांचा तुकडा निवडून तो प्रणालीस ‘हा दोष’ म्हणून ओळखीचा करून द्यावयाचा. प्रणाली त्या तुकड्याचें पृथक्करण करून प्रत्येक पट्टींत दोष किती जोराचा आहे तें टिपून ठेवते. मग सबंध ट्रॅक निवडून इफेक्ट द्यावयाचा. म्हणजे ज्या ज्या पट्टींत ज्या ज्या क्षणीं आवाज त्या मापाखालीं असेल, तेथें ती तो दाबते. किती दाबावयाचें तें डेसिबलांत सांगावें लागतें. ६ डेसिबल म्हणजे लाटेची उंची सुमारें निम्मी. १२ म्हणजे पाव. नवशिका २४ वर कांटा नेतो आणि निःशब्द शांततेनें हर्षभरित होतो. पण बोलणारा माणूस पाण्याखालून बोलूं लागतो आणि शब्दांच्या शेंड्यांवर बारीक घुंगरांचा किणकिणाट सुरू होतो, इकडे त्याचें लक्ष जात नाहीं.

या यंत्रास दोष कोणता व गुण कोणता हें ठाऊक नसतें, ही गोष्ट विसरूं नये. आम्ही जो तुकडा दाखवूं तोच त्याच्या लेखीं दोष. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत यासंबंधीं जें घडलें तें येथें सांगण्यासारखें आहे. त्या घरांत १९८४ सालची एक कॅसेट होती. घरच्या आजी पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणत असतां थोरल्या मुलानें ती मुद्रित केली होती. आजी गेल्यावर कैक वर्षांनीं महाविद्यालयांत शिकणाऱ्या नातवानें ती संगणकावर उतरवली. आरंभीं ओवी सुरू होण्यापूर्वीं जात्याची घरघर कांहीं वेळ नुसतीच ऐकूं येत होती. त्यानें साहजिकच तोच तुकडा ‘दोष’ म्हणून निवडला, आणि मोठ्या मेहनतीनें आजींचा आवाज स्वच्छ, एकटा, स्टुडिओंत मुद्रित केल्यासारखा करून वर्षश्राद्धाच्या दिवशीं सर्वांस ऐकवला. मंडळी थक्क झाली. सुनांनीं त्याचें कौतुक केलें. आजींच्या लेकीनें मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलें, आणि मग ती हळूच म्हणाली, “अरे, आवाज आईचाच आहे, पण ती कुठें बसली आहे तेंच कळेना.”

मुलगा समंजस होता. त्यानें वाद घातला नाहीं. या इफेक्टमध्यें एक सोय आहे, जिला ‘रेसिड्यू’ म्हणतात. ती निवडली असतां राहिलेला आवाज न ऐकूं येतां, जेवढा काढून टाकला तेवढाच ऐकूं येतो. त्यानें ती लावून आत्यास ऐकवली. जात्याची घरघर तर तींत होतीच. पण तिच्याबरोबर ओवीच्या प्रत्येक चरणाच्या शेवटचा लांबलेला स्वरही तुटक तुटक ऐकूं येत होता, आणि दोन ओव्यांमधला आजींचा श्वासही. दळणाऱ्या बाईची ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. फेरा काढला तर ती कशावर चालेल? सुदैवानें मूळ उतरवलेली प्रत त्यानें वेगळी ठेवली होती. तिच्यावर त्यानें फक्त ५० हर्ट्झची गुणगुण काढण्यापुरता संस्कार केला आणि थांबला. हल्लीं त्या घरांत तीच प्रत ऐकतात.

यावरून एक व्यवहारी नियम निघतो. गोंगाट काढतांना प्रत्येक वेळीं ‘रेसिड्यू’ ऐकावा. त्यांत नुसती कुरकुर असेल तर संस्कार योग्य; त्यांत एकही अक्षर ओळखूं आलें तर संस्कार अधिक झाला. गाणाऱ्या घरांनीं आणखी एक सावधगिरी बाळगावी. गायकानें तोंड उघडण्यापूर्वीं तंबोरा एकटाच वाजत असतो. तो तुकडा मोकळा समजून ‘दोष’ म्हणून दाखविल्यास यंत्र इमानेंइतबारें तंबोराच पुसूं लागतें, आणि षड्जापाशीं विसावलेला गायकाचा हलका स्वरही त्याच्याबरोबर झिजतो.

दुसरा एक दोष फितीच्या गतीचा. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगानें धांवावी असें ठरलेलें आहे. परंतु मुद्रणाच्या वेळीं सेल उतरलेले असले तर फीत मंद धांवते. पुढें तीच नीट वेगानें लावली कीं आजोबा लहान मुलाच्या आवाजांत घाईघाईनें बोलूं लागतात. येथें तीन इफेक्टांचा घोंटाळा होतो. ‘चेंज पिच’ नुसती पट्टी बदलतो, ‘चेंज टेम्पो’ नुसती लय बदलतो, आणि ‘चेंज स्पीड’ दोन्ही एकदम बदलतो. फितीचा दोष दोहोंचा एकत्र असल्यामुळें इलाजही तिसराच योग्य. मागें पेटी वाजत असेल तर घरच्या पेटीच्या स्वराशीं ताडून पाहिल्यास किती बदल करावयाचा तें अजमावतां येतें.

आतां गुणाधान. यांतील पहिला व निरुपद्रवी प्रकार म्हणजे आवाजाची पातळी उचलणें. संगणकांत आवाजाची कमाल मर्यादा शून्य डेसिबल मानलेली आहे. तिच्यावर जाऊं पाहणाऱ्या लाटेचा माथा सपाट कापला जातो व आवाज फाटतो. म्हणून ‘नॉर्मलाइझ’नें सर्वांत उंच लाट शून्याच्या किंचित खालीं, उणे १ वर, आणून ठेवावी. दुसरा प्रकार ‘कॉम्प्रेसर’चा. ठरविलेल्या पातळीवर जाणारा आवाज तो दाबतो. प्रमाण ४ ला १ ठेवलें तर पातळीच्या वर ४ डेसिबल चढणारा आवाज १ डेसिबलच चढतो. मोठें खालीं आल्यामुळें मग सगळेंच वर उचलतां येतें, आणि दूर बसून बोललेली माणसें जवळ आल्यासारखीं होतात. चारचौघांच्या गप्पांस हा इफेक्ट उपकारक आहे. कीर्तनास तो जपून द्यावा. द्रौपदीच्या धांव्यास गगनभेदी हांक मारून पुढच्याच क्षणीं कुजबुजणारा हरिदास त्या चढउतारानेंच सभा हलवीत असे; हांक व कुजबूज एका मापाची केली तर कथा राहील, कीर्तन राहणार नाहीं.

तिसरा प्रकार ‘रिव्हर्ब’चा, तो समजण्यास शाळेंतील पदार्थविज्ञान पुरेसें आहे. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. सतरा मीटर दूरच्या भिंतीवर आदळून परत येण्यास त्यास एक दशांश सेकंद लागतो, आणि तेवढ्या अंतरानें आलेला पडसाद कानास वेगळा कळतो. हा ‘इको’. विजापूरच्या गोलघुमटाखालीं एका टाळीचे अनेक पडसाद ऐकूं येतात ते याच जातीचे. भिंती जवळ असल्या तर पडसाद इतक्या लवकर व इतक्या संख्येनें येतात कीं ते वेगळे न कळतां मूळ आवाजास घुमारा म्हणून चिकटतात. हा ‘रिव्हर्ब’. दगडी गाभाऱ्यांत म्हटलेलें स्तोत्र भारदस्त वाटतें तें त्यामुळेंच.

हा घुमारा कृत्रिम रीतीनें मिसळण्याचा गाजलेला प्रयोग १९४७ सालीं शिकागो येथें झाला. बिल पटनम यांनीं ‘हार्मोनिकॅट्स’ या वादकत्रयीचें एक वादन मुद्रित करतांना स्नानगृहांत ध्वनिक्षेपक व मायक्रोफोन ठेवून तेथील घुमारा मूळ वादनांत मिसळला. न्हाणीघरांत गाणारा प्रत्येक मनुष्य स्वतःस गवई कां समजतो, याचा उलगडा वाचकांस येथें होईल. १९५७ सालीं जर्मनीच्या ‘ईएमटी’ कंपनीनें स्प्रिंगांवर टांगलेला मोठा पोलादी पत्रा थरथरवून घुमारा काढणारें यंत्र आणलें. त्याचें वजन पाव टनाहून अधिक होतें. १९६२ सालीं बेल प्रयोगशाळेंतील मॅनफ्रेड श्रोडर यांनीं नुसत्या गणितानें घुमारा कसा घडवावा तें प्रसिद्ध केलें. आज ‘रूम साइझ’ व ‘वेट गेन’ असे कांटे सरकवून जो गाभारा क्षणांत उभा राहतो, त्याच्या मागें ही परंपरा आहे. नव्यानें मुद्रित केलेल्या मुलांच्या स्तोत्रांस थोडा घुमारा खुशाल द्यावा. कोरडेपणा जाऊन गोडी येते. परंतु ओसरीवर म्हटलेल्या आजीच्या ओवीस देवळाचा घुमारा देऊं नये. आवाजाबरोबर जागाही मुद्रित होत असते, आणि ती जागा ज्यांनीं पाहिली आहे त्यांचा कान फसत नाहीं.

अनेक इफेक्ट द्यावयाचे असल्यास त्यांचा क्रमही महत्त्वाचा. आधीं भांडें घांसावें आणि मग कल्हई लावावी. घाणीवर लावलेली कल्हई धरत नाहीं. त्याचप्रमाणें प्रथम गुणगुण व कुरकुर काढावी, मग ‘इक्वलायझर’नें उंच-नीच ध्वनींचा तोल सांवरावा, मग ‘कॉम्प्रेसर’ द्यावा, आणि घुमारा द्यावयाचाच असेल तर तो सर्वांच्या शेवटीं. ‘कॉम्प्रेसर’ आधीं दिला तर शब्दांच्या मधली कुरकुर उचलली जाऊन दुप्पट त्रास देते. घुमारा आधीं दिला तर पुढें कुरकुरीबरोबर त्याचें शेंपूटही तुटतें.

येथवर जे संस्कार सांगितले ते वस्तु कायम ठेवून करावयाचे. यापुढील एक प्रकार निराळ्या जातीचा आहे. १९९७ सालीं ‘ऑटो-ट्यून’ ही प्रणाली निघाली. तिचे कर्ते अँडी हिल्डेब्रँड हे पूर्वीं भूगर्भांत सोडलेल्या ध्वनिलहरींवरून तेलाचा शोध लावण्याच्या कामांत होते. तेंच गणित त्यांनीं गळ्यास लावलें. बेसूर लागलेला स्वर ती जवळच्या शुद्ध जागेवर ओढून बसवते. पाश्चात्य पद्धतीच्या गाण्यांत तिचें प्रयोजन समजतां येतें. परंतु जवळची जागा म्हणजे बहुधा पेटीच्या बारा पट्ट्यांपैकीं एक. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार, किंवा एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारी मींड, यांचें राहणें त्या पट्ट्यांच्या मध्येंच आहे. यंत्र त्यास दोष समजून सरळ करतें, आणि राग सरळ होतां होतां मरतो.

पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन म्हणणारा, घाईनें म्हणणारा, डोकें हलविणारा, लिहिलेलें वाचून म्हणणारा, अर्थ न जाणणारा व क्षीण कंठाचा. गंमत अशी कीं, यांतील घाई करणारास ‘चेंज टेम्पो’ व क्षीणकंठास ‘अँप्लिफाय’ हे इफेक्ट आज उपलब्ध आहेत. डोकें हलविणें मुद्रणांत दिसतच नाहीं. अर्थ न जाणणारासाठीं मात्र अद्याप कोणत्याही यादींत कांहीं सांपडत नाहीं. तेव्हां मुलांकडून स्तोत्र मुद्रित करवून घेणाऱ्या पालकांनीं इफेक्टवर भिस्त न ठेवतां आधीं चार वेळां नीट म्हणवून घ्यावें. चांगल्या मायक्रोफोनपाशीं, पंखा बंद करून, वीतभर अंतरावरून म्हटलेल्या पाठास निम्मे संस्कार लागतच नाहींत.

आणखी पुढची पायरीही आतां आली आहे. मृत माणसाच्या जुन्या मुद्रणांवरून त्याचा आवाज शिकून, त्यानें कधीं न उच्चारलेले शब्द त्याच्या आवाजांत उमटविणारीं यंत्रें निघालीं आहेत. २०२४ सालच्या ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटांतील एका गीतासाठीं संगीतकार ए. आर. रहमान यांनीं बंबा बाक्या व शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असे उपयोगांत आणले. कुटुंबीयांची संमति घेतली व त्यांस मोबदला दिला, असें त्यांनीं जाहीरही केलें. व्यवसायांत निदान हा विधि पाळला गेला. घरांत तो कोण पाळणार? उद्यां एखादा हौशी नातू आजोबांच्या आवाजांत पणतीस वाढदिवसाचा आशीर्वाद ऐकवील. हेतु चांगला, तरी तो आशीर्वाद आजोबांनीं दिलेला नाहीं. हें दोषापनयन नव्हे आणि गुणाधानही नव्हे, कारण ज्यावर संस्कार करावयाचा ती वस्तुच येथें नाहीं. असें कांहीं घरांत करावयाचें असेल तर वडील मंडळींनीं एकत्र बसून ठरवावें, आणि ऐकणारास, विशेषतः लहान मुलांस, तें यंत्राचें आहे हें स्पष्ट सांगावें, असें आमचें मत आहे.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ ते १९६६ या काळांत सिद्ध केली. त्यासाठीं सव्वा हजाराच्या आसपास हस्तलिखितें ताडून पाहिलीं. संपादकांनीं कोणताही पाठ निवडला तरी हस्तलिखितांस हात लावला नाहीं, आणि न स्वीकारलेले पाठही तळटीपांत छापले. म्हणजे निर्णय चुकला असें पुढील पिढीस वाटलें तर तिला परत मूळापाशीं जातां यावें. घरच्या कॅसेटींचें संपादनही याच शिस्तीनें व्हावें. फीत प्रथम कोणताही इफेक्ट न देतां ‘वेव्ह’ फाइलींत उतरवावी. दोन कानांच्या एका मिनिटास सुमारें १० मेगाबाइट जागा लागते; आजच्या काळीं ती फार नव्हे. त्या फाइलीस ‘मूळ’ असें नांव द्यावें, दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि जे करावयाचे ते संस्कार तिच्या प्रतीवर करावे. कोणता इफेक्ट किती दिला, कोणत्या तारखेस व कोणी, हें दोन ओळींत लिहून बरोबर ठेवावें. संस्कारित प्रत घरांतील सर्वांत वृद्ध माणसास आधीं ऐकवावी. कारण तो आवाज प्रत्यक्ष कसा होता, हें त्याच्याखेरीज दुसरें कोणी सांगूं शकणार नाहीं, आणि तो साक्षीदारही फार दिवस मिळणार नाहीं.

एक काम तर इफेक्टच्या आधींचें आहे. गौहरजान गाणें संपतांच आपलें नांव स्वतः उच्चारीत; तें आजही त्या तबकड्यांवर ऐकूं येतें. आमच्या घरच्या फितींवर कोण, केव्हां, कोठें, यांपैकीं कांहीं सांपडत नाहीं. वेष्टनावरची शाई उडालेली असते. म्हणून येत्या सुटींत कुटुंब एकत्र जमेल तेव्हां प्रत्येक फीत लावून, आवाज कोणाचा, साल कोणतें, मागें रडणारें मूल कोणाचें, हें जाणत्यांकडून विचारून घ्यावें आणि त्यांच्याच तोंडून मुद्रित करून त्या फाइलीशेजारीं ठेवावें. कुरकुर पन्नास वर्षांनींही काढतां येईल. हीं नांवें मात्र तेव्हां सांगणारें कोणी नसेल.